शरीराचा मेगाब्लॉक

गेले काही आठवडे मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. ठाकूरद्वारच्या नाक्यावर भाजी निवडताना सांगितली, परळच्या ऑफिसात डबा उघडताना सांगितली, आणि परवा तर चर्नी रोडच्या फलाटावर एका अनोळखी बाईंना गाठून सांगितली. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या पायात धावायचे बूट होते. "अहो, ताकद धावताना येतच नाही! थांबल्यावर येते!" बाई दोन पावलं मागे सरकल्या. सरकू देत. एवढी मोठी गोष्ट कळल्यावर ती पोटात ठेवायची तरी कशी?

निमित्त झालं एका कागदाचं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अर्धं अंतर धावायचं ठरवून मी शिवाजी पार्कवरच्या एका गटात नाव घातलं. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, तिच्या अर्ध्यानेही माझ्यासारखीची चांगली खोड मोडते. सरांनी आठवड्याचा तक्ता हातात दिला. मंगळवारी हळू, गुरुवारी वेगात, रविवारी लांबवर. हे सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, कुणाला जमलं नाही तर खोडून बदलता येईल असं. फक्त सोमवारच्या चौकटीत लाल शाई होती आणि एकच शब्द: विश्रांती.

"सर, सोमवारी नुसतं चालून आले तर?"

"ताई, बाकीचा कुठलाही वार चुकवलात तर मी समजून घेईन," सर म्हणाले. "सोमवार चुकवायचा नाही."

सुट्टी चुकवायची नाही! असलं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे व्यायाम म्हणजे काय, तर अण्णांच्या जोर-बैठका आणि 'एक दिवस खंड पडला की सगळं वाया' ही दटावणी. मग ही लाल शाई कसली? त्या दिवसापासून मी वाचतेय, विचारतेय, आणि दर दोन दिवसांनी घरात ओरडतेय, "अगं, हे ऐक!" मुलीने आता कानात इअरफोन घालायला सुरुवात केली आहे.

तर ऐका. व्यायाम करून उठतो तेव्हा आपण आधीपेक्षा कमजोर झालेले असतो. खरंच! स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा झालेली असते, त्यांच्यात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, उपसली गेलेली असते, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं असतं. आणि आपण एकदाचे बूट काढून बसलो की मग खरं काम सुरू होतं. इजा झालेल्या जागी नवी प्रथिनं रचली जातात. जड व्यायामानंतर या रचनेचा वेग जो वाढतो तो एक-दोन दिवस चढाच राहतो. आणि शरीर नुसती डागडुजी करून थांबत नाही, पुन्हा असाच भार आला तर पेलावा म्हणून जरा जास्तीचं बांधून ठेवतं. ते जे जास्तीचं आहे ना, तेच आपलं कमावलेलं अंग.

मला हे कळलं त्या दिवशी नेमका रविवार होता. मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक, मी दादरच्या गर्दीत घामाघूम, आणि डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला: हाच की तो! रूळ बदलायचे तर गाड्या थांबवाव्याच लागतात. वरून लोकल धडधडत असताना खालची खडी कुणी सारखी करू शकत नाही. आपण वेळापत्रक बघून चरफडतो, पण सोमवारी सकाळी ज्या गाडीने बिनघोर जातो ती त्या ब्लॉकच्या जिवावर. तिथल्या तिथे मी सोमवारच्या चौकटीला मेगाब्लॉक म्हणायला लागले, आणि आता गटातले सगळे म्हणतात.

आणि ते अंग दुखणं! लांब धावल्यावर दुसऱ्या दिवशी पाय असे काही भरून येतात, की जिना चढणं एकवेळ जमतं, उतरणं नको वाटतं. मी आजवर बिनदिक्कत सगळ्यांना सांगत आले, 'लॅक्टिक ॲसिड साठतं.' आपण सगळेच सांगतो. तर ते लॅक्टिक ॲसिड बिचारं तासाभरात रक्तातून निपटून गेलेलं असतं! दुखणं मात्र एका दिवसाने जोर धरतं आणि दोन-तीन दिवस राहतं. ते असतं त्या बारीक इजांचं आणि त्यांच्या दुरुस्तीचं. सगळ्यांत जास्त इजा कधी होते माहितीये? स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो तेव्हा. म्हणजे उतारावर. पेडर रोडचा चढ चढताना आपण देवाचा धावा करतो, आणि मांड्यांचा निकाल लागतो तो पलीकडे उतरताना. दुसऱ्या दिवशी प्रभादेवी स्टेशनचा पूल उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी तिरकी होत उतरणारी बाई दिसली तर ती मीच, आणि मी चक्क हसत असते. कारण आता मला ठाऊक आहे, आत गँगमन कामाला लागलेत!

झोपेचं तर विचारूच नका. वाढीचं जे संप्रेरक म्हणतात, ग्रोथ हार्मोन, त्याचा सगळ्यांत मोठा लोट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येतो. मुलं झोपेत वाढतात असं आजी म्हणायची, ते मोठ्यांच्या स्नायूंनाही लागू आहे. आणि ग्लायकोजेनचा रिकामा हौद भरायला साधारण एक दिवस लागतो, तोही पोटात पिष्टमय पदार्थ नीट गेले तर. भात! वरण-भात! ज्या भाताला व्यायाम करणाऱ्या मंडळींनी वाळीत टाकलंय, त्याच्यावाचून हा हौद भरायचा कसा? त्या रविवारी दुपारी मी दोनदा भात घेतला आणि पंख्याखाली आडवी झाले. सासूबाई म्हणाल्या, "व्यायाम जोरात चाललाय वाटतं."

पण त्या चेष्टा करून थांबल्या नाहीत. संध्याकाळी कपाटातून एक जाडजूड, पाठ फाटलेलं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं: गणेश कृष्ण गर्दे यांचा 'सार्थ वाग्भट'. "तुझे सर सांगतात ते यात आहे का बघ." आणि आहे हो! अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, दिनचर्येच्या अध्यायात वाग्भट सांगतात: व्यायाम करावा तो अर्ध्या शक्तीने. तोही चांगलं स्निग्ध खाणाऱ्या, बळकट माणसांनी, थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी. आणि व्यायाम झाला की सगळं अंग सोसेल तसं चोळावं. अर्धी शक्ती! आणि ती अर्धी झाली हे ओळखायचं कसं, तर सुश्रुतांनी खूण दिली आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागला, की समजा अर्धं बळ खर्ची पडलं. आमचे सर दर मंगळवारी ओरडतात, "बोलत बोलत धावता आलं पाहिजे!" तीच की ही परीक्षा!

पुढे तर मी हसून हसून लोळले. अतिरेक करणाराचं काय होतं ते सांगताना वाग्भट म्हणतात, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा तो नाश पावतो. आणि अतिरेक कशाकशाचा? व्यायामाचा, जागरणाचा, चालण्याचा... आणि हसण्याचा, बोलण्याचासुद्धा! म्हणजे आमच्या गिरगावात कुणी वाचायचंच नाही म्हणायचं.

चेष्टा सोडा. थंडी आणि वसंत हे ऋतू सांगणाऱ्याला घाम कळत होता. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो नुसता ओघळतो. आणि वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात तेच अंतर, तोच वेग, पण हृदयावर बोजा कितीतरी जास्त. पुण्याच्या माणसाने पुण्याच्या हवेत बनवलेला तक्ता लालबागच्या माणसाने तसाच्या तसा पाळू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. सकाळी जागं झाल्यावर, उठण्याआधी, मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असली, झोप तुटक झाली असली आणि घरातल्यांवर उगाच खेकसायला होत असलं, तर त्या दिवशी बुटांना हात लावायचा नाही. तिसरी खूण आमच्याकडे घरातलेच मोजून ठेवतात.

रॉजर बॅनिस्टरची गोष्ट सरांनी सांगितली, ती तर मी पाठच केली आहे. १९५४ सालचा वसंत. एक मैल चार मिनिटांच्या आत धावायचं म्हणून हा वैद्यकीचा विद्यार्थी पाव मैलाच्या दहा फेऱ्या धावायचा, मधे थोडी उसंत घेऊन. प्रत्येक फेरी ६१ सेकंदांवर अडकलेली. हवी होती साठाला. कितीही आपटा, ६१! शेवटी तो आणि त्याचा मित्र ख्रिस ब्रॅशर सगळं टाकून स्कॉटलंडला गेले, डोंगर चढले, हुंदडले, धावण्याचं नाव काढलं नाही. परत आले आणि दहाच्या दहा फेऱ्या ५९ सेकंदांत! मग शर्यतीच्या आधीचे पाच दिवस पुन्हा पूर्ण विश्रांती. ६ मे रोजी ऑक्सफर्डला त्याने मैल मारला ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत. त्याने नवीन काय केलं? काहीच नाही! मधे काहीच केलं नाही, हेच त्याने नवीन केलं.

आता खरी गोष्ट. ही हाती लागली तेव्हा मी ऑफिसात होते आणि जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतून उठून खिडकीशी गेले, कारण खिडकीतून झाडाआडून केईएम रुग्णालयाच्या इमारतीचं टोक दिसतं. म्हणजे ती गोष्ट घडली ती जागा मला डबा खाताना रोज दिसत होती!

विश्रांती मोजायची झाली तर? नाडी मोजतात, धाव मोजतात, वजन मोजतात. पण निवांत पडून राहण्याचा परिणाम कुणी आकड्यांत पकडला आहे का? पकडला आहे, आणि परळला! केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांना घेऊन रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन करायला लावलं आणि १९६९ साली 'अँजिओलॉजी' या नियतकालिकात त्याचा अहवाल छापला. सहकाऱ्यांत एक नाव होतं डॉ. विनेकर यांचं, आणि ते होते कैवल्यधामचे. कैवल्यधाम म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात काढलेली संस्था. योगाला प्रयोगशाळेत बसवणारा हा माणूस. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केलं. त्यांचं मुंबईतलं केंद्र कुठे आहे? मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनाला लागून! माझ्या घरापासून पूल ओलांडला की पलीकडे. त्याच्या दारावरून मी पहाटे धावत जाते आणि धापा टाकत परत येते, आणि विश्रांतीचं शास्त्र तिथे आत वर्षानुवर्षं शिकवलं जातंय. गिरगाव आणि परळ, या दोन जागांमध्ये मी रोज लोकलने ये-जा करते, आणि या कामातल्या दोन्ही संस्थांच्या खुणा मला त्याच वाटेवर दिसतात!

ज्या गटाला औषधं चालू नव्हती, त्यांच्या मध्य रक्तदाबाची (मीन प्रेशर) सरासरी १३४ वरून १०७ वर आली. ज्यांना गोळ्या चालू होत्या त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी करता आल्या. (थांबा! हे वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. तिथे डॉक्टर समोर बसून मोजत होते.) ४७ ही संख्या काही फार मोठी नव्हे, हे मलाही कळतं. पण चारच वर्षांनी इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी योगातली शिथिलता यंत्राच्या मदतीने रुग्णांना शिकवून 'लॅन्सेट'मध्ये लेख छापला, म्हणजे वाट चुकीची नव्हती.

मला वेड लावलं ते आकड्यांनी नाही, कृतीने. शवासन म्हणजे योगवर्गाच्या शेवटी ज्यात निम्मी मंडळी घोरतात ते, असा माझा समज. इथे तर एकेक गोष्ट सांगून ठेवलेली! पाठीवर निजायचं. पायांत साधारण तीस अंशांचं अंतर. हात अंगापासून जरा दूर, बोटं अर्धवट मिटलेली, पापण्या अलगद ओघळलेल्या. श्वास पोटाने, सावकाश. घेतला की किंचित थांबायचं. सोडला की त्याहून जरा जास्त थांबायचं. आणि लक्ष कुठे, तर नाकपुड्यांवर: आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी कोमट. बस. अर्धा तास.

करून बघा! आमच्या चाळीत करून बघा! पहिल्यांदा मी आडवी झाले तेव्हा शेजारी कुकरच्या शिट्ट्या, खाली दूधवाल्याची घंटा, गॅलरीत दोन काकूंचा पाण्याच्या वेळेवरून संवाद. गार, कोमट. गार, मीटर रीडिंगवाला आला का ग, कोमट. मग लक्षात आलं, की माझी जीभ टाळूला घट्ट चिकटलेली आहे. ती सोडली. मग जबडा आवळलेला सापडला. तो सोडला तर खांदे कानांकडे सरकलेले. एकेक कुलूप सापडत गेलं आणि मी ते उघडत गेले, आणि कधीतरी बाहेरचं सगळं ऐकू येत असूनही ते दूरच्या फलाटावरच्या उद्घोषणेसारखं झालं, आपली गाडी नसलेलं. उठले तेव्हा पाय हलके! सकाळी धावलेले पाय! तेव्हा पटलं, की पडून राहणं आणि विश्रांती घेणं यांत केवढं अंतर आहे. सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळणं मला जन्मजात येतं. हे मात्र शिकावं लागलं, आणि अजून मी कच्चीच आहे.

आता मला शिवाजी पार्कसुद्धा वेगळं दिसायला लागलंय. कट्ट्यावर पाय सोडून बसले की समोर श्री समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब. १९२५ साली सुरू झालेली संस्था. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच पार्कात झाली. मी इतकी वर्षं बघत आले ते खांबावरच्या पोराकडे. एरंडेल चोपडलेल्या खांबाला मांड्यांची मिठी घालून उलटा लटकलेला, हात सुटलेले. आता मी बघते खाली रांगेत बसलेल्यांकडे! एक वर, बाकीचे मातीत. कुणी पाय पसरून तळवे चोळतंय, कुणी शेजारणीच्या पाठीला पाठ लावून बसलंय, कुणी नुसतंच वर बघत मनातल्या मनात तीच उडी घेतंय. खांब एक आणि मुलं पुष्कळ, म्हणून प्रत्येकाला थोडं काम आणि भरपूर उसंत. जिममधली महागडी माणसं मनगटावरचं घड्याळ बघून जे मोजतात, ते इथे रांगच मोजून देते.

आणि रविवार! हे सांगायचं राहिलंच तर माझी झोप उडेल. ज्या रविवारच्या जोरावर आम्ही लांबवर धावतो तो आपल्याला फुकट मिळालेला नाही. सूर्योदयाला गिरणीत शिरून सूर्यास्ताला बाहेर पडणाऱ्या, आठवड्याचे सगळे दिवस राबणाऱ्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढली, आणि भांडून, सभा घेऊन, अर्ज करून साप्ताहिक सुट्टी मिळवली: १० जून १८९०. ज्या लालबाग-परळमध्ये आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या सातव्या मजल्यावर काचेची जिम आहे, तिथेच. परवा त्या काचेच्या जिममध्ये भिंतीवर पाटी पाहिली, 'नो डेज ऑफ'. पाटी लावणाराला लोखंडे कोण ते माहीत नसणार. मी सांगून आले. स्वागतकक्षातल्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि मला एक महिन्याच्या सवलतीचं पत्रक दिलं.

सध्या आमच्या गटात टेपरची चर्चा आहे. टेपर म्हणजे शर्यतीआधीचे साधारण दोन आठवडे: धावण्याचं अंतर जवळजवळ निम्म्यावर आणायचं, वेग मात्र तोच ठेवायचा. यात कामगिरी सुधारते हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि या दिवसांत वजन थोडं वाढतं, कारण प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा भरल्याची पावतीच ती! पण सगळे आत्तापासून अस्वस्थ. दरवर्षी टेपर लागला की लोकांना नसलेल्या कळा यायला लागतात, म्हणे. कुणाचा गुडघा बोलतो, कुणाला वाटतं सगळी तयारी विरघळली, आणि कुणीतरी पहाटे चोरून दहा किलोमीटर मारून येतोच. त्यावर उपाय म्हणून सरांनी यंदा मोकळ्या संध्याकाळी सगळ्यांना एका जागी बसवून ठेवायचं ठरवलंय, आणि शिवाजी मंदिरच्या नाटकाची तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आलंय. मी विचारलं, "सर, विनोदी बघू की गंभीर?" सर म्हणाले, "लांबलचक बघा."